तोल कोणाचा गेला?

उंच बांधकामावरून माणूस पडला की ‘तोल गेला’ असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. या दोन शब्दांत सारा दोष पडणाऱ्याच्या पायांवर येतो आणि पंचनामा आटोपतो. इतिहास काय सांगतो ते पाहू.

स्कॉटलंडमध्ये फोर्थ नदीच्या मुखावर 1882 ते 1890 या काळात पोलादी रेल्वेपूल उभा राहिला. ऐन भरात तेथे साडेचार हजारांवर माणसे राबत होती. मृतांचा आकडा कित्येक वर्षे 57 असा सांगितला जाई. पुढे स्थानिक संशोधकांनी जुनी दप्तरे चाळून तो 73 वर नेला; त्यांतले 38 जण उंचावरून पडून गेले होते. मेलेल्या माणसांची नीट मोजदाद व्हायलासुद्धा शंभरावर वर्षे जावी लागली! कंत्राटदारांनी काहीच केले नाही असे मात्र नव्हे. पुलाखाली होड्या ठेवल्या होत्या व त्यांनी आठ जणांना पाण्यातून वर काढले. 1883 पासून आजार-अपघात निधी होता, त्याचे सभासदत्व प्रत्येक कामगारावर सक्तीचे असे. औषधपाणी आणि अंत्यविधीचा खर्च त्यातून निघे. पण होडी काय किंवा निधी काय, दोन्ही सोयी माणूस पडल्यानंतरच्या.

त्याच सुमारास, 1885 साली, न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की धोकादायक परांची पुरवणारा मालक गुन्हेगार ठरेल. परांची ज्याने बांधून दिली त्याच्याकडे कायद्याचे बोट वळले. माझ्या मते उंचीवरच्या कामाच्या इतिहासातले हे खरे वळण होय.

आता सॅन फ्रान्सिस्कोकडे येऊ. गोल्डन गेट पुलाचे काम 1933 च्या जानेवारीत सुरू झाले. त्या काळी अमेरिकेतल्या पूलबांधणीत एक हिशेब रूढ होता: दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक माणूस मरायचाच. पूल साडेतीन कोटींचा. म्हणजे पस्तीस माणसे जणू अंदाजपत्रकातच धरलेली. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने हा हिशेब मानला नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर कडक टोपी आली. भोवळ येऊ नये म्हणून विशेष आहार दिला गेला. उंचावर शूरपणाच्या कसरती करून दाखवील त्याला कामावरून काढून टाकले जाई. आणि 1,30,000 डॉलरांहून अधिक खर्चून पुलाच्या तळाखाली एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोराचे जाळे टांगले.

त्या जाळ्याने 19 माणसे झेलली. नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परत आलेल्यांचे मंडळ, असे नाव या मंडळींनी थट्टेने स्वतःला घेतले होते. तोल त्यांचाही गेला, तो कोणाचाही जातो. फरक खाली काय आहे एवढाच होता. काम सुरू झाल्यापासून पावणेचार वर्षे तेथे एकही बळी गेला नाही. पहिला मृत्यू 1936 च्या ऑक्टोबरात झाला. मग 17 फेब्रुवारी 1937 रोजी पुलाखालचा साचा उतरवण्याचा, सुमारे पाच टनांचा, फिरता पाळणा सुटला आणि जाळे फाडून समुद्रात गेला. दहा माणसे गेली. त्यांना शिकवण्यात काही उणे राहिले होते असे कोण म्हणेल? पाळण्याची पकड निसटली, ती काही त्यांच्या हातात नव्हती.

म्हणून प्रशिक्षण नको असे मी म्हणत नाही. ते हवेच, कारण पुष्कळ गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. माणूस सहा फूट खाली येतो तो पाऊण सेकंदाच्याही आत. सावरण्याचा विचार मनात येईपर्यंत सारे संपलेले असते. कंबरेच्या पट्ट्यावर माणूस लोंबकळला तर आतडी-यकृत दुखावतात, म्हणून अमेरिकेत पडणाऱ्याला झेलण्यासाठी तो पट्टा वापरण्यास 1998 पासून बंदी आली आणि मांड्या-खांदे धरणारा हार्नेस आला. दोर अडकवायचा तो डोक्याच्या वर, पायाशी नव्हे. आणि त्या आधाराने सुमारे सव्वादोन टनांची ओढ सोसली पाहिजे. सहा फुटी दोर आणि त्याला जोडलेली झटका शोषणारी पट्टी असेल तर खाली सुमारे अठरा फूट मोकळी जागा लागते. नाहीतर पडणे पुरते थांबण्यापूर्वीच माणूस जमिनीवर आदळतो. हे गवंड्याला, सेंट्रिंगवाल्याला, बिगाऱ्याला त्याच्या भाषेत, हातात दोर देऊन शिकवावे लागते.

आपल्याकडे कारखान्यांसाठी 1948 चा कायदा झाला, पण इमारत बांधणारा त्याच्या बाहेरच राहिला. त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा व्हायला 1996 साल उजाडले, केंद्राचे नियम 1998 मध्ये आले, महाराष्ट्राचे 2007 मध्ये. 2020 साली संसदेने संमत केलेल्या संहितेत तो कायदा सामावला गेला. परांची, जाळी, पट्टे यांविषयी 1998 च्या नियमांत तपशीलवार लिहिले होते. कागद वाईट नव्हता.

कामावर काय चालते? सकाळी नाक्यावरून माणसे उचलायची, पाच मिनिटे हिंदीत काहीतरी बोलायचे, वहीवर सही किंवा अंगठा घ्यायचा. त्या घोळक्यात एखादा परभणीचा, एखादा मालद्याचा, एखादा कोरापुटचा. पुढे अपघात झाला की हीच वही मालकाच्या बचावाला पुढे येते: शिकवले होते, त्याने ऐकले नाही. न्यूयॉर्कने 1885 साली मालकाकडे वळवलेले बोट असे पुन्हा मजुराकडे फिरते.

आता संघटनेतर्फे एखाद्या कामावर गेलो की मी वही मागत नाही. वर जाऊन पट्टे पाहतो. पुष्कळदा पट्टा नवा कोरा असतो, अंगावर चढवलेलाही असतो. पण भोवती बांबू आणि ओली सळई यांखेरीज अडकवण्याजोगे काही नसल्यामुळे त्याची कडी त्या माणसाने स्वतःच्याच कंबरेला लावून ठेवलेली असते.