पूर्व आफ्रिकेच्या खचदरीतील ज्वालामुखीय खडकांचे मूळ : एका वादाचा इतिहास

प्रस्तावना

पूर्व आफ्रिकेची खचदरी इथिओपियापासून केनिया व टांझानियामार्गे मोझांबिकपर्यंत पसरलेली आहे. ही दरी कशी निर्माण झाली या प्रश्नाइतकाच, तिच्या परिसरातील विलक्षण ज्वालामुखीय खडक कोठून आले हा प्रश्नही वादग्रस्त ठरला. या खडकांपैकी अनेकांत सोडियम व पोटॅशियम यांचे प्रमाण अधिक, तर सिलिकाचे प्रमाण कमी असते. काही ठिकाणी त्यांच्या सोबतीने मुख्यतः कार्बोनेट खनिजांचे बनलेले खडक, म्हणजेच कार्बोनॅटाइट, आढळतात. प्रस्तुत निबंधात या खडकांच्या मूळाविषयीच्या वादाचा आढावा घेतला आहे. जे कोणी पाहिले नाही ते अशक्यच, असे मानण्याची प्रवृत्ती शास्त्रातही किती काळ टिकू शकते, हे त्यातून दिसून येते.

दरीचे आकलन

ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुअर्ड झ्यूस यांनी प्रवाशांनी आणलेल्या नोंदींच्या आधारे १८९१ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भूभंगांचे विवेचन केले. त्यानंतर ब्रिटिश भूवैज्ञानिक जे. डब्ल्यू. ग्रेगरी यांनी १८९३ मध्ये केनियाच्या प्रदेशात प्रत्यक्ष प्रवास केला. समांतर भंगांच्या मधला भूभाग खाली खचल्याने ही दरी बनली, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांच्या १८९६ च्या ग्रंथामुळे ‘रिफ्ट व्हॅली’ ही संज्ञा रूढ झाली. दरीच्या आकाराचे कोडे अशा रीतीने बरेचसे उलगडले; परंतु तेथील खडकांच्या रासायनिक मूळाचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

चुनखडकाचा सिद्धांत

आर. ए. डॅली यांनी १९१० मध्ये एक उपपत्ती मांडली. वर चढणारा सामान्य शिलारस वाटेतील चुनखडक विरघळवतो; चुना सिलिका बांधून घेतो आणि उरलेला शिलारस अल्कलीसमृद्ध होतो, असे तिचे सार होते. नवे काही गृहीत न धरता परिचित पदार्थांच्या आधारे स्पष्टीकरण मिळत असल्याने ती अनेकांना पटली. कार्बोनेट खडकांचे मूळही मग गिळलेल्या चुनखडकातच शोधता येत होते.

याउलट, नॉर्वेतील फेन येथील खडकांच्या अभ्यासावरून डब्ल्यू. सी. ब्रॉगर यांनी १९२१ मध्ये कार्बोनेटचा शिलारस असू शकतो असे म्हटले आणि ‘कार्बोनॅटाइट’ हे नाव दिले. एन. एल. बोवेन यांच्यासारख्या मान्यवर शिलावैज्ञानिकाने हे मत स्वीकारले नाही. शुद्ध कॅल्साइट वितळण्यास १,३०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते, ही बाबही विरोधकांच्या पथ्यावर पडली. तथापि खचदरीच्या बऱ्याच भागांत ज्वालामुखींच्या खाली प्राचीन स्फटिकमय खडक आहेत. मग एवढा चुनखडक आला कोठून? आर्थर होम्स यांनी १९५० मध्ये युगांडातील खडकांच्या संदर्भात बाजूच उलटवली. कार्बोनेट शिलारस खोलातून येतो आणि भूकवचातील ग्रॅनाइटी खडकांशी त्याची अभिक्रिया होते, असे त्यांनी सुचविले. त्यांची ही अभिक्रिया पुढे टिकली नाही, पण प्रश्नाची दिशा मात्र बदलली.

तीन पुरावे

१९६० ते १९६२ या अल्प काळात तीन स्वतंत्र मार्गांनी पुरावे पुढे आले.

पहिला पुरावा प्रयोगशाळेतला. ओ. एफ. टटल व पीटर वायली यांनी १९६० मध्ये दाखवून दिले की, दाबाखाली पाणी उपलब्ध असल्यास कार्बोनेट द्रव सुमारे ६५० अंशांनाही अस्तित्वात राहू शकतो.

दुसरा पुरावा प्रत्यक्ष दर्शनाचा. उत्तर टांझानियातील (तेव्हाचे टांगानिका) ओल डोइन्यो लेंगाई, म्हणजे मासाई भाषेत ‘देवाचा डोंगर’, या जागृत ज्वालामुखीच्या विवरात १९६० मध्ये बॅरी डॉसन यांनी सोडियम कार्बोनेटचा वाहता लाव्हा पाहिला. त्यांचा लेख १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा लाव्हा अवघ्या ५०० ते ६०० अंशांना वाहतो. बेसाल्टचा लाव्हा साधारण १,१०० अंशांच्या पुढे असतो. ताजा असताना काळा दिसणारा हा लाव्हा हवेतील ओलावा शोषून लवकरच पांढरा पडतो.

तिसरा पुरावा समस्थानिकांचा. रुबिडियमच्या ऱ्हासातून स्ट्रॉन्शियम-८७ तयार होते. त्यामुळे स्ट्रॉन्शियम-८७ व ८६ यांच्या गुणोत्तरावरून खडकाच्या उगमस्थानाचा माग काढता येतो. पॉवेल, हर्ली व फेअरबर्न यांनी १९६२ मध्ये कार्बोनॅटाइटांचे असे मापन प्रसिद्ध केले. सागरी चुनखडकांत हे गुणोत्तर साधारण ०.७०७ ते ०.७०९ असते, कार्बोनॅटाइटांत मात्र ते ०.७०३ च्या आसपास, म्हणजे प्रावरणातून आलेल्या खडकांशी जुळणारे आढळले.

तरीही वाद लगेच संपला नाही. लेंगाईचा लाव्हा म्हणजे जवळच्या नेट्रॉनसारख्या सरोवरांतील सोडाच पुन्हा वितळलेला आहे, अशी शंका चार्ल्स मिल्टन यांनी १९६८ मध्ये घेतली. कीथ बेल, डॉसन व फार्कर यांच्या १९७३ च्या समस्थानिक अभ्यासाने ही शंका दूर करण्यास मदत केली. शिवाय या लाव्हात स्ट्रॉन्शियम व बेरियम विपुल असते, सरोवरातील सोड्यात ते अत्यल्प. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वायूंच्या विश्लेषणानेही या शिलारसाचे मूळ वरच्या प्रावरणात, अत्यल्प प्रमाणातील वितळणात असल्याचे दाखविले.

समारोप

या इतिहासाचा एक धागा आपल्या परिसरापर्यंत येतो. आर. एन. सुखेश्वाला (सेंट झेवियर्स महाविद्यालय, मुंबई) व जी. आर. उदास यांनी १९६३ मध्ये गुजरातमधील, नर्मदेच्या खचपट्ट्यातील अंबाडोंगर येथील कार्बोनॅटाइटाची नोंद केली. दख्खनच्या बेसाल्टशी समकालीन असलेला हा खडक पुढे फ्लोराइटच्या साठ्यामुळे महत्त्वाचा ठरला. खडक चुनखडक आहे की शिलारसजन्य, यावर खनिजांचा शोध कोठे घ्यायचा हेही अवलंबून असते. म्हणूनच हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. एखाद्या थोर अभ्यासकाचा नकार हा पुराव्याच्या अभावाचा निदर्शक असू शकतो. तो पुरावा मात्र नव्हे, हेच या अर्धशतकी वादाचे सार म्हणावे लागेल.