खानेसुमारी की शिरगणती?

लोकसंख्या मोजण्याला मराठीत दोन जुने शब्द आहेत. एक खानेसुमारी, दुसरा शिरगणती. शब्दार्थाने पाहता पहिल्यात घरे मोजावयाची, दुसऱ्यात डोकी. बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. शहराच्या कारभाऱ्यांना मात्र तसे करून चालत नाही. कसे मोजावे, ह्यावर कोण मोजला जाईल हे ठरते; आणि जो मोजला गेला नाही, त्याच्या वाट्याचे पाणी व त्याच्या वाट्याचा दवाखाना हिशेबात येत नाही. मुंबईच्या इतिहासातील एक प्रकरण ह्या दृष्टीने तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

१८६४ साली, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, मुंबईची शिरगणती झाली. आकडा आला ८,१६,५६२. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले होते व शहर माणसांनी फुगले होते. १८६५ साली तो फुगा फुटला. १८७२ च्या गणतीत ६,४४,४०५ माणसेच भरली. म्हणजे आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या जवळपास घट! मुंबई ही भरतीओहोटीची वस्ती आहे, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

पुढे गिरण्या वाढल्या. १८९१ मध्ये आकडा ८,२१,७६४ वर गेला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग प्रकट झाला आणि लोक गावाकडे पळाले. मुंबईत प्लेगचा जोर थंडी सरता सरता असे. आणि १ मार्च १९०१ रोजी देशाची जनगणना ठरलेली! त्या काळी सारा देश एकाच रात्री मोजण्याची रीत होती. त्यासाठी चांदणी रात्र पाहत, जत्रा-सण टाळीत. प्लेग मात्र पंचांग पाहून टाळता येत नव्हता. त्या रात्री मुंबईत ७,७६,००६ माणसे सापडली.

आता ह्या आकड्यात चूक ती काय? मोजणी त्या रात्रीपुरती खरीच होती. पण शहराचा मृत्युदर काढताना तोच आकडा वर्षानुवर्षे भागाकारात घालावयाचा, येथे घोटाळा होता. समजा, एखाद्या वर्षी ४०,००० मृत्यू झाले. ७,७६,००६ ने भागले तर हजारी सुमारे ५१ येतात. वस्ती पावणेदहा लाख धरली तर हजारी ४१. शहराची प्रकृती सुधारते आहे की बिघडते आहे, हेच अशाने कळेनासे होते.

अशा वेळी नगरशासनापुढे कोणते मार्ग असतात? पहिला, जन्मातून मृत्यू वजा करून अंदाज बांधण्याचा. मुंबईत हा मार्ग मुळातच लंगडा. गिरणीकामगाराची बायको बाळंतपणाला रत्नागिरीकडे जाई. मूल नोंदले जाई गावी, आणि मरण नोंदले जाई मुंबईत. ह्या हिशेबाने शहर वाढत असताना कागदावर आटत गेले असते. दुसरा मार्ग खरीखुरी खानेसुमारी: घरे मोजून त्यांना सरासरी माणसांनी गुणावे. पण चाळीच्या एका खोलीत एक कुटुंब राही, तर शेजारच्या खोलीत दहा गाववाले पाळीपाळीने पथारी पसरीत. व्हरांड्यात आणि रस्त्याच्या कडेला निजणारा तर कोणत्याच घराचा नव्हे. तिसरा मार्ग पुढच्या दशवार्षिक जनगणनेची वाट पाहण्याचा. तो फुकटचा होता. परंतु मृत्यूचे दर तोवर थांबणार नव्हते.

मुंबईच्या म्युनिसिपालिटीने १९०६ साली चौथा मार्ग पत्करला आणि आपली शिरगणती आपण केली. आकडा आला ९,७७,८२२. पाच वर्षांत दोन लाखांची भर! एवढी माणसे पाच वर्षांत जन्माला येत नाहीत. गेलेली परतली होती आणि नवी आली होती. १९११ च्या जनगणनेत ९,७९,४४५ माणसे भरली, तेव्हा पाच वर्षांमागचा आकडा हवेतला नव्हता हेही दिसून आले.

ह्या प्रकरणाचे मोल आम्हांस आकड्यापेक्षा त्यामागच्या निर्णयात वाटते. हाती एक अधिकृत संख्या असताना ती अपुरी आहे असे मानणे आणि पदरचा खर्च करून पुन्हा दारोदार जाणे, हे कोणत्याही कारभाऱ्यास सोपे नसते. शिवाय प्लेगच्या झडत्या लोक विसरले नव्हते. वही घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला खरे सांगावे, असा विश्वास त्या दिवसांत स्वस्त नव्हता.

एका रात्रीची ती रीत देशाने १९४१ साली सोडली. तरीही २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्रीच करावी लागली. कारण ज्याला दार नाही, त्याला निजल्या जागीच गाठावे लागते. खानेसुमारीतून निसटणारा माणूस शिरगणतीत सापडावा, एवढ्यासाठी ती रात्र राखून ठेवावी लागते. आपल्या शहराचा नवा आकडा वाचताना तो किती आहे हे जरूर पाहावे. पण त्याआधी तो कोणत्या रीतीने काढला आणि त्या रीतीत कोण सुटला असेल, हे विचारण्याची सवय आपण नागरिकांनी लावून घ्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.