चांदा मुलखातील वाघांची गणती

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळे झाले. त्याआधी एकच असलेल्या, आणि ब्रिटिश अमदानीत 'चांदा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखाच्या जंगलात वाघ किती आणि ते कोठवर पसरलेले आहेत, या प्रश्नाची उत्तरे काळागणिक बदलत गेली आहेत. वसाहतकाळात वाघ मारणाऱ्यास इनाम मिळत असल्याने सरकारी दप्तरात नोंद होई ती मेलेल्या वाघांची; जिवंत वाघ मोजण्याची गरज कोणास वाटत नव्हती. १९५५ मध्ये ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, तरी देशभर वाघांची पहिली गणती होण्यास १९७२ साल उजाडावे लागले.

त्या गणतीचा आधार होता पायाचा ठसा. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० च्या दशकात बसवलेल्या या पद्धतीत वनरक्षक आपल्या बीटातील, म्हणजे त्याच्या देखरेखीखालील वनखंडातील, पायवाटा आणि नाल्यांची वाळू धुंडाळत असे. मागच्या डाव्या पायाचा ठसा काचेवर रेखून घेई किंवा प्लास्टरमध्ये उतरवून घेई, आणि पुढे वरिष्ठ अधिकारी हे ठसे ताडून पाहून एकाच वाघाची दुबार नोंद वगळत असत. १९७२ चा देशाचा आकडा होता १,८२७. तो इतक्या ठामपणे मांडला गेला की हा अंदाज आहे याचाच विसर पडला. ओल्या वाळूत आणि कोरड्या फुफाट्यात एकाच पायाचा ठसा निराळा उमटतो, शिवाय ठसा न सापडलेल्या वाघाचा हिशेब या पद्धतीत कोठेच नव्हता; वन्यजीवशास्त्रज्ञ के. उल्हास कारंथ यांनी १९८० च्या दशकातच हे दोष दाखवून दिले होते. या दोषांची दखल मात्र २००५ नंतर घेतली गेली, जेव्हा राजस्थानातील सरिस्का या व्याघ्र प्रकल्पात, कागदावर वाघ असताना, एकही वाघ उरलेला नसल्याचे उघड झाले.

नव्या पद्धतीत पट्ट्यांना महत्त्व आले, कारण कोणत्याही दोन वाघांच्या अंगावरील पट्टे सारखे नसतात. जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर कॅमेरे बांधले जातात आणि मग 'पकड-पुनर्पकड' हे गणित वापरले जाते. समजा, पहिल्या फेरीत वीस वाघांची छायाचित्रे मिळाली, दुसऱ्या फेरीतही वीस वाघ टिपले गेले आणि त्यांपैकी दहा आधीचेच निघाले, तर पहिल्या फेरीने निम्मेच वाघ पाहिले होते असे मानून एकूण संख्या चाळीसच्या आसपास धरली जाते. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांसाठी वापरलेल्या या विचाराचे मोल हे, की न दिसलेल्यांनाही तो हिशेबात घेतो.

न दिसणाऱ्यांची मोजदाद हा पेच केवळ जंगलापुरता नाही. २००९ पासून चालू असलेल्या बिटकॉइन या कूटचलनाच्या व्यवहारांची नोंदवही ज्या संगणकांवर जपली जाते त्यांना 'नोड' म्हणतात, आणि त्यांची यादी कोणत्याही कचेरीत नसते. मोजणारा एका नोडला त्याच्या माहितीतील इतरांचे पत्ते विचारतो, त्यांपैकी उत्तर देणाऱ्यांना पुन्हा तेच विचारतो आणि असे करत जाळे पालथे घालतो. तरी बाहेरची जोडणी न स्वीकारणारे नोड त्याच्या हाती लागत नाहीत, आणि टॉरसारख्या ठिकाण लपवणाऱ्या मार्गाने जोडलेल्यांचा देश कळत नाही. म्हणजे तेथेही संख्या आणि विस्तार मोजणाऱ्याच्या पोहोचेवर ठरतात.

चांदा मुलखात या पोहोचेचे परिणाम ठळक दिसतात. सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरच्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात रस्ते, चौक्या आणि कर्मचारी असल्याने तेथील वाघ नीट मोजले गेले. पण शेती, गावे आणि जंगल यांची सरमिसळ असलेल्या, चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी वनविभागासारख्या प्रकल्पाबाहेरील क्षेत्रातही वाघ मोठ्या संख्येने नांदतात, हे सार्वजनिक चर्चेत बरेच उशिरा आले, आणि तेही पुष्कळदा माणसांवरील हल्ल्यांमुळे. गडचिरोलीत तर नक्षलवादी चळवळीमुळे दूरच्या जंगलात फिरणेच अवघड होते. २००६ च्या देशव्यापी अंदाजात लगतच्या छत्तीसगडमधील इंद्रावती प्रकल्पाचे सर्वेक्षण अशांततेमुळे होऊ शकले नाही. तेथे वाघ नाहीत असा याचा अर्थ नव्हता, मात्र नकाशावरची कोरी जागा पाहणारा तोच अर्थ सहज काढतो.

महाराष्ट्रातील वाघांचा अंदाज २००६ मध्ये १०३ होता, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. ही वाढ खरी असली तरी तिच्यात अधिक कॅमेऱ्यांचा आणि अधिक जंगल पाहिल्याचाही वाटा असू शकतो, आणि दोन्ही वेगळे काढणे सोपे नाही. गेल्या काही वर्षांत ब्रह्मपुरीकडून वैनगंगा नदी ओलांडून गडचिरोलीच्या वडसा भागात वाघ स्थिरावू लागले आहेत. त्यांची गणती नदीच्या कोणत्या काठावर करायची, हे ठरवताना पट्टे जुळवण्याचे काम दोन्ही जिल्ह्यांची छायाचित्रे एकत्र ठेवूनच करावे लागते.