‘भक्त प्रह्लाद’ची तारीख

१. लेखकाने पहिल्या तेलुगू बोलपटाची तारीख १५ सप्टेंबर १९३१ दिली आहे. जुन्या पुस्तकांत तीच सापडते, पण टिकत नाही. रेंटाला जयदेव यांनी उजेडात आणलेल्या नोंदींनुसार सेन्सॉरचा दाखला २२ जानेवारी १९३२चा आहे आणि ‘भक्त प्रह्लाद’ ६ फेब्रुवारीला मुंबईच्या कृष्णा थिएटरमध्ये लागला. दाखल्याच्या चार महिने आधी तो लागला असेल, हे पटण्यासारखे नाही. मग दिग्दर्शक एच. एम. रेड्डी यांचा पहिलेपणाचा मान गेला काय? कारण ३१ ऑक्टोबर १९३१ला मद्रासमध्ये लागलेल्या ‘कालिदास’मध्येही नायक तेलुगूच बोलतो. पण नायिका त्यात तमिळ बोलते. शिवाय ‘कालिदास’ही रेड्डींचाच! तेव्हा तारीख पुढे सरकली तरी मान त्यांच्याकडेच राहतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भांडवल अर्देशीर इराणींचे, स्टुडिओ मुंबईचा, मग चित्रपट तेलुगू कसा? बोलपटाची यंत्रे आणि अनुभव तेव्हा इथे होते; इराणींचाच ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला होता. नाटक आणि नट मात्र आंध्रातल्या सुरभी मंडळीचे. मुंबईने यंत्र पुरवले, आशय नव्हे. (आपल्याकडे या इतिहासात इराणी आठवतात, रेड्डी क्वचितच.) पुढे रेड्डी मद्रासला गेले आणि १९३८मध्ये त्यांनी ‘गृहलक्ष्मी’ दिग्दर्शित केला. — संपादक