नाव एक, कुळे अनेक : गॉथ व लाँबार्ड यांच्या इतिहासाचा बोध

ज्ञातिसंस्थेची स्मरणिका म्हटली की, तीत 'आपण मूळचे कोठले ?' या प्रश्नास काही पाने वाहिलेली असावयाचीच. कोणी मूलस्थान उत्तरेस दाखवितो, कोणी दक्षिणेस. कोणी मूळपुरुषापर्यंत अखंड वंशावळ नेऊन भिडवितो. ही जिज्ञासा स्वाभाविक आहे. ती आम्ही निंद्य मानीत नाही. परंतु हाच प्रश्न युरोपातील विद्वानांनीही आपल्या पूर्वजांविषयी विचारला होता. त्यास जे उत्तर प्रथम मिळाले ते सदोष होते, व त्या दोषाचे मोल जगास फार भारी पडले. तो वृत्तांत ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू होय.

रोमन साम्राज्याची उत्तर सीमा म्हणजे ऱ्हाईन व डॅन्यूब या दोन नद्या. त्यांच्या पलीकडे बहुतांशी जर्मन भाषाकुलातील भाषा बोलणाऱ्या टोळ्यांची वस्ती होती. इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकांत गॉथ, व्हँडाल, लाँबार्ड इत्यादी समाज साम्राज्यात शिरले व त्यांनी आपापली राज्ये स्थापिली. जुन्या नकाशांत अशा प्रत्येक समाजाच्या मार्गावर एकेक बाण काढलेला असे. तो पाहून वाटे की, एका रक्ताचे लोक उत्तरेतून निघाले आणि जसेच्या तसे दक्षिणेस पोहोचले. या समजुतीस आधारही जुनाच होता. जॉर्डानेस नामक ग्रंथकाराने इ. स. ५५१ च्या सुमारास गॉथांचा इतिहास लिहिला. गॉथ हे स्कँडिनेव्हियातून तीन जहाजांत बसून आले, असे तो सांगतो. मात्र त्याच्याच हिशेबाने ही गोष्ट त्याच्या पूर्वी शेकडो वर्षांची होती. त्याने ज्या ग्रंथाचा आधार घेतला, तो कॅसिओडोरस या रोमन मंत्र्याचा होता. आणि गॉथ राजघराण्याची सतरा पिढ्यांची वंशावळ सिद्ध करणाराही हाच मंत्री! राजास पूर्वज हवे होते, ते दरबारातील विद्वानाने जुळवून दिले.

आता प्रत्यक्ष घडले काय, ते पाहू. हूणांच्या हल्ल्यांनी हवालदिल झालेले गॉथ इ. स. ३७६ मध्ये व्हॅलेन्स बादशहाची अनुज्ञा घेऊन डॅन्यूब उतरले. रोमन अधिकाऱ्यांनी त्यांची उपासमार केली, तेव्हा त्यांनी बंड केले. ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या रणांगणावर व्हॅलेन्स मारला गेला. या बंडात गॉथांस कोण मिळाले, हे समकालीन रोमन इतिहासकार ॲमियानस याने नमूद केले आहे. पूर्वी विकले गेलेले गुलाम त्यांच्याकडे पळून आले. करांच्या ओझ्याने पिचलेले थ्रेस प्रांतातील सोन्याच्या खाणींचे कामगार आले, व त्यांनी धान्याची लपविलेली कोठारे गॉथांस दाखविली. पुढे ४०८ मध्ये इटलीतील शहरांत साम्राज्याच्याच पदरी असलेल्या परकीय शिपायांच्या बायकामुलांची कत्तल झाली, तेव्हा ते शिपाई गॉथांचा राजा ॲलरिक यास जाऊन मिळाले. त्यापाठोपाठ रोम नगरातील गुलामही हजारोंनी त्याच्या छावणीत गेले. याच ॲलरिकने ४१० मध्ये रोम लुटले. त्याचे लोक ४१८ मध्ये नैर्ऋत्य फ्रान्सात स्थिरावले, तेव्हा ते सर्वच गॉथ म्हणविले जात होते.

याहून बोलके उदाहरण वुल्फिला या धर्मगुरूचे. त्याने गॉथिक भाषेची लिपी घडविली व बायबलाचे त्या भाषेत भाषांतर केले. गॉथांच्या भाषेचे जे ज्ञान आज आपणांस आहे, ते मुख्यत्वे त्याच्या कार्यामुळे. या वुल्फिलाचे पूर्वज आशिया मायनरमधील कॅपाडोशिया प्रांतातील होते. तिसऱ्या शतकातील स्वारीत गॉथांनी त्यांस कैदी करून नेले होते. ज्याने गॉथांस अक्षरे दिली, तो बंदिवानांचा वंशज होता. तथापि त्याचे नाव मात्र अस्सल गॉथिक.

व्हँडालांचेही असेच. त्यांनी ४२९ मध्ये आफ्रिकेत पाऊल ठेविले, त्यापूर्वीच इराणी भाषाकुलातील अलन टोळीचे उरलेले लोक त्यांच्यात मिसळले होते. म्हणून तेथील राजे स्वतःस 'व्हँडालांचा व अलनांचा राजा' असे म्हणवीत. लाँबार्ड ५६८ मध्ये इटलीत आले. त्यांचा इतिहास आठव्या शतकात त्यांच्यातीलच पॉल या धर्मोपदेशकाने लिहिला. आल्बोइन राजासोबत गेपिड, बल्गार, सर्मेशियन इत्यादी लोक आले होते व आपल्या काळीही कित्येक गावे त्यांच्या नावांनी ओळखली जातात, हे तो निःसंकोचपणे सांगतो.

याचा अर्थ सर्वांस सर्वत्र मुक्तद्वार होते, असा मात्र नव्हे. लाँबार्डांसोबत आलेल्या वीस हजारांवर सॅक्सनांस आपल्या कायद्याने राहू दिले गेले नाही; ते बायकामुलांसह परत फिरले. रुगी नावाची टोळी इटलीतील गॉथांत सामील झाली, पण तिने इतरांशी बेटीव्यवहार केला नाही व आपले नाव वेगळे राखले. हंगेरी व इटली येथील लाँबार्डकालीन दोन दफनभूमींतील अस्थींची आनुवंशिक तपासणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. एकाच दफनभूमीत उत्तर युरोपीय वंशाची कुटुंबे आणि दक्षिणेकडील वंशाची माणसे पुरलेली आढळली. दोहोंच्या थडग्यांतील वस्तूंत फरकही दिसला. म्हणजे उत्तरेतून लोक आले हे खरे, आणि ते एकटेच नव्हते हेही तितकेच खरे. संशोधक वेन्स्कुस यांनी १९६१ मध्ये मांडले ते हेच की, नाव व परंपरा सांभाळणारा एक लहान गट मध्ये असे आणि त्याच्याभोवती नाना ठिकाणचे लोक जमून समाज बने.

मग समाज टिकला कशाने ? स्पेनमधील गॉथांचा दाखला घ्यावा. लिओविगिल्ड राजाने गॉथ व रोमन यांच्या विवाहावरील बंदी उठविली. ५८९ मध्ये त्याचा पुत्र रेकारेड याने धर्मपंथाचा भेद मिटविला. ६५४ मध्ये दोहोंस एकच कायदा लागू झाला. रक्त एक नव्हते. न्याय एक केला गेला.

हे सारे दृष्टीआड करून जर्मनीतील काही पंडितांनी शुद्ध रक्ताचा सिद्धांत उचलला. गुस्टाफ कोसिना यांनी तर उत्खननातील मडक्यांवरून वंशाच्या सीमा आखल्या. ते १९३१ साली निवर्तले. १९३३ मध्ये सत्तेवर आलेल्या नात्सी राजवटीने असले विचार राजधोरणात आणले. त्याची परिणती लक्षावधी निरपराध्यांच्या संहारात झाली, हे सर्वविश्रुत आहे.

आमची ज्ञाती लहान आहे, तिच्या हाती राजसत्ता नाही. तरीही एखाद्या घराण्याविषयी 'हे मूळचे आपल्यातले नव्हेत' अशी कुजबुज होते आणि तेवढ्यावरून त्या घरच्या मुलीचा विवाह अडतो, हे आपण सर्व जाणतो. आम्ही विचारतो : चार पिढ्या ज्यांनी आपल्या सुखदुःखात वाटा उचलला, आपल्या वसतिगृहास वर्गणी दिली, आपल्या प्रेतास खांदा दिला, ते आपले नव्हेत तर कोण ? कुलवृत्तांत अवश्य लिहावेत. पण त्यांत दत्तक आलेले, आश्रयास आलेले, गाव सोडून येऊन मिळालेले, यांचीही नावे मानाने लिहावीत. वंशावळीतील प्रत्येक दुवा सिद्ध करणे कोणासही साधणारे नाही. परस्परांशी न्यायाने वागणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे, आणि ज्ञातीचे नाव पुढील पिढीस सांगावेसे वाटेल ते त्यामुळेच.