सात जण, एक तारामासा आणि चुना

जस्टिस लीगशी माझी ओळख कॉमिक्समधून झाली नाही, कार्टूनमधून झाली. २००१च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या त्या मालिकेची पहिलीच कथा म्हणजे पृथ्वीवर परग्रहवासी चालून येतात आणि त्यांना हुसकून लावायला सात जण एकत्र येतात. मारामारी आता फारशी आठवत नाही. आठवतो तो हिरवा माणूस. मंगळावरचा शेवटचा जिवंत रहिवासी, हल्ला होणार आहे हे सांगायला आधीच येऊन पोहोचलेला. आणि आपण त्याचं काय केलेलं असतं? कोठडीत डांबलेलं असतं.

पुढे जुने अंक वाचायला लागलो तेव्हा कळलं, की ही टीम नेमकी कशी जमली याचं उत्तर दर दहा-वीस वर्षांनी बदलत आलंय. आणि प्रत्येक बदलात प्रश्न या हिरव्या माणसापाशीच येऊन अडतो.

सुरुवातीला तर उत्तरच नव्हतं. ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’च्या २८व्या अंकात, फेब्रुवारी-मार्च १९६०मध्ये, लीग पहिल्यांदा दिसली ती आधीच जमलेली. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ, लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार माइक सेकॉव्स्की. फॉक्सला हे काम नवं नव्हतं. १९४०मध्ये ‘जस्टिस सोसायटी’ ही सुपरहिरोंची पहिली टीम त्यानेच लिहिली होती. श्वार्ट्झला ‘सोसायटी’ हा शब्द मिळमिळीत वाटला. बेसबॉलमुळे पोरांच्या तोंडी असलेला ‘लीग’ त्याने उचलला.

शत्रू कोण, तर स्टारो. अंतराळातून आलेला, एका डोळ्याचा, अवाढव्य तारामासा. तो पृथ्वीवरच्या साध्या तारामाशांना आपले सरदार करतो आणि हॅपी हार्बर नावाचं गाव संमोहित करतो. गावातला एकच पोरगा शुद्धीवर राहतो, स्नॅपर कार. का? तर तो घरासमोरच्या हिरवळीवर चुना टाकत होता आणि तो त्याच्या अंगाला लागला होता. तारामाशाला चुना सोसत नाही. मग काय, सगळे मिळून स्टारोला चुन्याने लिंपून टाकतात. पृथ्वी जिंकायला आलेल्याला शब्दशः चुना लावला जातो. हा विनोद फॉक्सच्या इंग्रजीत नाही, तो फक्त आपल्याला मिळतो.

सुपरमॅन आणि बॅटमॅन या कथेत जेमतेम दिसतात, मुखपृष्ठावर तर नाहीतच. त्यांच्या पुस्तकांचे संपादक वेगळे होते आणि आपला हुकमी माल दुसऱ्याच्या दुकानात मांडायला ते नाखूश होते. म्हणजे या टीमच्या जन्माला दैवी वगैरे काही नाही, ऑफिसातलं राजकारण आहे. पण शत्रू अंतराळातूनच का आणायचा? १९५४मध्ये सिनेटच्या समितीपुढे कॉमिक्सची झडती झाल्यावर प्रकाशकांनी स्वतःवरच कडक आचारसंहिता लादून घेतली होती. गुन्हा, रक्त, भय या सगळ्याला कात्री. तारामाशाला मारलं तर कोणाच्या भावना दुखावणार? शिवाय हे सगळे एकत्र आल्यावर पाकीटमाराच्या मागे थोडेच धावणार!

‘टीम कशी जमली’ हे फॉक्सने सांगितलं दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९६२मध्ये, ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’च्या नवव्या अंकात. मला ही कथा स्टारोपेक्षा कितीतरी जास्त आवडते. अपेलॅक्स नावाच्या ग्रहाची गादी रिकामी आहे. तिचे सात दावेदार उल्कांसारखे पृथ्वीवर येऊन आदळतात. एक दगडाचा, एक काचेचा, एक आगीचा, एक लाकडाचा, एक पाऱ्याचा, एक सोन्याचा, एक हिऱ्याचा. पृथ्वीवरच्या माणसांना आपल्यासारखं करून घ्यायचं, त्यांची फौज बांधायची आणि आपसांत लढायचं. जो उरेल तो राजा. पृथ्वी त्यांना नकोच आहे, नुसतं लढायला मैदान हवंय. क्युबाच्या क्षेपणास्त्रांचा पेच त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. फॉक्सला तो आधीच दिसला होता असं मी म्हणणार नाही. पण दोन महासत्तांचं भांडण तिसऱ्याच्याच देशात चालतं, हे तेव्हा रोजच्या पेपरात होतं.

दगडाच्या राक्षसाशी लढतो तो आपला हिरवा माणूस, मार्शियन मॅनहंटर. तो लीगच्या आधीपासूनचा. नोव्हेंबर १९५५च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये एका शास्त्रज्ञाच्या यंत्राने त्याला मंगळावरून चुकून ओढून आणलं. त्याला पाहून धक्क्यानेच शास्त्रज्ञ मेला आणि परतीची वाट बंद झाली. मग त्याने माणसाचा चेहरा घेतला, जॉन जोन्स हे नाव घेतलं आणि पोलिसात नोकरी धरली. सुपरमॅनही क्रिप्टॉनचाच. म्हणजे परग्रहवाशांना हाकलणाऱ्या सातांमध्ये दोन परग्रहवासी आहेत आणि १९६२च्या कथेत हे कोणाला खटकतही नाही.

खटकलं १९७७मध्ये. १४४व्या अंकात लेखक स्टीव्ह एंगलहार्टने जुनी दप्तरं उघडली. ग्रीन ॲरोला लीगच्या नोंदींमध्ये तारखांची गडबड सापडते आणि कळतं, की अपेलॅक्सची गोष्ट ही लोकांना सांगायची गोष्ट होती. खरी सुरुवात त्याआधीची, मंगळावरच्याच शत्रूंशी झालेल्या लढाईची. ती लपवली, कारण तेव्हा मंगळ म्हटलं की लोक बिथरत होते आणि मित्राला त्यांच्या तावडीत द्यायचं नव्हतं. वॉटरगेटनंतरच्या अमेरिकेत अधिकृत इतिहासात काहीतरी दडवलेलं असणार, हे वाचकाला पटवून द्यावं लागलं नसणार.

२०११मध्ये जेफ जॉन्स आणि जिम ली यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडलं. या वेळी हल्लेखोर डार्कसाइड. संस्थापकांत सायबॉर्ग आला, एक कृष्णवर्णीय तरुण, आणि ते फार आधीच व्हायला हवं होतं. पण त्याच्यासाठी जागा रिकामी झाली ती मार्शियन मॅनहंटरची. सातच्या आकड्याला एवढं कसलं पावित्र्य? आठ का नकोत?

माझी आवडती आवृत्ती अजूनही कार्टूनचीच आहे आणि ती पहिल्या कथेपाशी संपत नाही. २००४मध्ये कळतं, की सातांतली हॉकगर्ल तिच्या ग्रहाची हेर होती आणि आता तिचं सैन्य येऊन ठेपलंय. ऐनवेळी ती पृथ्वीच्या बाजूने उभी राहते, स्वतःच्या लोकांना मुकते. लढाई संपल्यावर बाकीचे सहा जण तिला ठेवायचं की काढायचं यावर मतदान करतात. निकाल ऐकायच्या आधीच ती राजीनामा देऊन निघून जाते.

मतं सारखी पडली होती, हे तिला कितीतरी भागांनंतर समजतं. निर्णायक मत सुपरमॅनचं होतं, तिच्या बाजूने.