न जिंकता येणारा खेळ

परवा नातू सुट्टीला घरी आला होता. जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्हाला एक गेम दाखवतो. दोन तासांचा आहे, पण यात जिंकायचं काहीच नाही." आयुष्यभर मुलांना 'हार-जीत महत्त्वाची नाही, खेळणं महत्त्वाचं' असं सांगत आलेला मी मास्तर. पण खरोखर जिंकताच येत नाही असा खेळ कोणी समोर ठेवेल असं वाटलं नव्हतं.

खेळाचं नाव 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातलं रायन आणि एमी ग्रीन हे जोडपं. त्यांचा मुलगा जोएल वर्षाचा असताना त्याच्या मेंदूत कर्करोगाची दुर्मिळ गाठ निघाली. डॉक्टरांनी काही महिन्यांचीच मुदत सांगितली होती, पण पोर त्यापुढे तीन वर्षांहून जास्त जगलं. 2014 च्या मार्चमध्ये, पाच वर्षांचा असताना ते गेलं. बाप संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा. मुलगा असतानाच त्याने मित्राच्या साथीने हा खेळ करायला घेतला होता. 12 जानेवारी 2016 रोजी, म्हणजे जोएलच्या सातव्या वाढदिवशी, तो लोकांसमोर आला. पुढे मोबाइलवरही आला.

त्यातला एक प्रसंग सांगतो. रात्रीची वेळ, इस्पितळाची खोली. पोर रडतंय, थांबत नाही. बाप त्याला उचलतो, हलवतो, फेऱ्या मारतो, रस पाजतो. रस उलटून पडतो. तुम्ही जे बटण दाबाल ते फुकट जातं. या खेळाची कल्पनाच म्हणे बापाला अशा एका रात्रीवरून सुचली. शेवटी तो प्रार्थना करतो आणि पोर शांत होतं. दुसऱ्या एका प्रसंगात पोर छोटा शिलेदार होऊन राक्षसाशी लढतं, आणि कितीही लढलात तरी तो राक्षस मरत नाही.

नातवाने मग खेळणाऱ्यांची मतं सांगितली. पुष्कळ लोक रडले. काहींनी आपल्या घरातल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहिलं. काहींना राग आला. 'नुसतं चालायचं आणि दाबायचं, याला खेळ म्हणायचं का?' काहींना त्यातला देव खटकला, कारण ग्रीन कुटुंब श्रद्धाळू ख्रिश्चन आहे आणि खेळात प्रार्थना पुष्कळ आहे. तर काही म्हणाले, पोटच्या पोराचं मरण असं विकायला ठेवायचं असतं का? आणि गंमत म्हणजे लाखो लोकांनी तो इंटरनेटवर दुसऱ्याला खेळताना पाहिला. फुकट पाहून रडणारे अनेक, विकत घेणारे थोडे, अशी खंत बापाने स्वतः लिहून मांडली होती.

मला 'श्वास' आठवला. 2004 साली आलेला, संदीप सावंत यांचा. कोकणातल्या परशाला डोळ्यांचा कर्करोग होतो, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला इस्पितळातून गुपचूप बाहेर नेतात, शेवटचं जग दाखवायला. 'श्यामची आई'नंतर राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळवणारा हा दुसरा मराठी चित्रपट. ऑस्करला पाठवताना तर शाळकरी मुलांपर्यंत लोकांनी वर्गणी दिली होती. तेव्हा कोणी विचारलं नाही की आजोबांनी शेवटी मिळवलं काय. मग खेळालाच हा प्रश्न का? मला वाटतं, सिनेमात आपण हात बांधून बसलेलो असतो. खेळ मात्र आपल्या हातात बटण देतो, आणि दाबलं की काहीतरी घडेल असं कबूल करतो. ते कबूल केलेलं मोडलं की माणूस चिडतो.

पण हात चालूनही काही न चालणारा एक खेळ आपल्याकडे केव्हाचा आहे. मोक्षपट. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. पहिलं घर जन्माचं, शेवटचं मोक्षाचं. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप. कवड्या पडतील तसं जायचं, अक्कल चालवायला जागाच नाही. खेळता खेळता काम-क्रोधाची ओळख व्हावी, हा हेतू. 1890 च्या दशकात हा खेळ इंग्लंडात गेला. तिथे पुढे घरांवरची नीतीची नावं गळत गेली आणि नुसते आकडे उरले. तीच सापशिडी लुडोच्या पाठीवर छापून आपल्याकडे परत आली. शंभर नंबरला पोचायचं, बस्स.

आम्ही लहानपणी करावे गावात ओटीवर खडूने घरं आखून खेळायचो. फासे म्हणून फोडलेले चिंचोके. मी, मोठी ताई आणि धाकटी बहीण. धाकटीला साप गिळायचा तेव्हा आजी हसत म्हणायची, "बघ, खोटं बोलली असशील." आम्हाला ते खरं वाटायचं.

1959 च्या पावसाळ्यात धाकटीचा घसा धरला. ताप, मग श्वास घेताना घरघर. घटसर्प. आजाराच्या नावातच साप. तेव्हा नवी मुंबई नव्हती, सिडको 1970 ची, वाशीचा खाडीपूल 1973 चा. समोर मुंबईचे दिवे दिसायचे, पण मधे खाडी आणि खाडीत भरतीचं पाणी. आई रात्रभर तिला खांद्यावर घेऊन ओटीवर फेऱ्या मारत होती. पाणी पाजलं की नाकावाटे बाहेर यायचं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. सहा वर्षांची होती.

दिवसकार्य झालं आणि आजीने आईला विचारलं, "काय पाप केलंस गो?" आजी दुष्ट नव्हती. तिच्या मोक्षपटावर साप उगीच चावत नसे, एवढंच. आईने उत्तर दिलं नाही. त्यानंतर ती आयुष्यभर सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपास करत राहिली. कशासाठी, ते आम्ही कधी विचारलं नाही.

पुढे शाळेत शिकवताना मला कळलं की घटसर्प एका जंतूमुळे होतो. त्यावरच्या रक्तद्रवाच्या उपचारासाठी जर्मनीच्या एमिल फॉन बेहरिंग यांना वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं, 1901 साली. म्हणजे धाकटी गेली त्याच्या 58 वर्षं आधी. आपल्या देशात 1978 साली लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला, त्यात त्रिगुणी लस होती. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. गावात लस आली तेव्हा मी आईला सगळं समजावून सांगितलं. जंतू, औषध, खाडी, अंतर. ती ऐकून म्हणाली, "हो, असेल." आणि सोमवार काही सोडला नाही.

लॅपटॉपवरचा तो बाप फेऱ्या मारत होता तेव्हा मला ओटीवरची आई दिसली. नातवाला मी एकच प्रश्न विचारला, "यात कुठे म्हटलंय का, की आईबापाचं काही चुकलं?" तो म्हणाला, "नाही आजोबा. ते देवाला पुष्कळ विचारतात, भांडतातसुद्धा. पण कोणाची चूक आहे असं नाहीये." ही माणसं देवभोळी, रात्रंदिवस प्रार्थना करणारी, पोर तरी गेलं. आणि त्यांनी पटावर सापाला पापाचं नाव दिलं नाही. आमच्या पटात ते घर नव्हतं.

म्हणून 'याला खेळ म्हणायचं का' या वादात मला फारसा रस नाही. ज्यांना बटण चालत नाही म्हणून राग आला त्यांचं खोटं नाही. आजाऱ्याच्या उशाशी तसाच राग येतो, आणि तो कोणावर तरी काढावासा वाटतो. आमच्या घरात तो आईवर निघाला. दोन तास तो राग नुसता धरून बसायला शिकवणारी वस्तू आजीच्या हातात पडली असती तर... असो.

नातू लॅपटॉप मिटून झोपायला गेला. मी ओटीवर येऊन बसलो. आता खाडी दिसत नाही, मधे इमारती आणि पाम बीच रस्ता. ताईला फोन लावावा असं मनात आलं. ती आता ऐंशीची आहे. धाकटीबद्दल आम्ही दोघं शेवटचं कधी बोललो ते आठवेना. रात्र फार झाली होती, म्हणून सकाळी लावला. पाऊण तास बोललो.